एकच खेळाडू, एकच क्लब, दोन करार: आद्रियानो घरी परतला तेव्हा

जानेवारी उजाडला की आणि युरोपातला उन्हाळा लागला की फुटबॉलच्या बातम्यांत एक प्रश्न ठरलेला असतो. अमुक क्लब आपल्या जुन्या खेळाडूला परत घेणार का? खेळाडू नुसता वयाने थकलेला असेल तर चर्चा सोपी असते. २०२५च्या जानेवारीत ब्राझीलचा नेमार आपल्या जुन्या सांतोस क्लबला परतला, तेव्हा लोक मुख्यतः त्याच्या गुडघ्याबद्दल बोलत होते. पण खेळाडू अफाट गुणी आहे आणि त्याचं आयुष्य मात्र विस्कटलेलं आहे, दारू आहे, नैराश्य आहे, सरावाला दांड्या आहेत, असं असेल तर चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, आपलाच मुलगा आहे, सांभाळून घ्या. दुसरा म्हणतो, एकदा पोळलात, पुन्हा हात कशाला घालता?

दोन्ही तट खेळाडूच्या स्वभावाबद्दल भांडतात. क्लबच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला मात्र वेगळे प्रश्न विचारावे लागतात, आणि ते समजून घ्यायला ब्राझीलच्या आद्रियानोइतकं चांगलं उदाहरण नाही. रिओच्या फ्लामेंगो क्लबने त्याला दोनदा परत घेतलं. २००९ मध्ये घेतलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. २०१२ मध्ये घेतलं आणि तो एकही सामना न खेळता बाहेर पडला. माणूस तोच, क्लब तोच, शहरही तेच. मग फरक कुठे पडला?

आधी आद्रियानो कोण ते पाहू

आद्रियानो लेइते रिबेरो याचा जन्म १९८२चा, रिओच्या विला क्रुझेरो या वस्तीतला. फ्लामेंगोच्या मुलांच्या संघात तो आधी डाव्या बगलेचा बचावपटू होता, पुढे आक्रमणात आला. उंची १८९ सेंटिमीटर, धिप्पाड अंग आणि डाव्या पायात तोफ. २००० मध्ये तो मोठ्या संघातून खेळला आणि २००१ मध्ये, विशीही पूर्ण व्हायच्या आत, इटलीच्या इंटर मिलानकडे गेला. इटलीतल्या लोकांनी त्याला ‘सम्राट’ म्हणायला सुरुवात केली.

२००४च्या कोपा अमेरिकेत, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत, त्याने सर्वाधिक ७ गोल केले. अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल त्याचाच होता, आणि ब्राझीलने तो चषक पेनल्टींवर जिंकला. त्यानंतर काही दिवसांतच त्याचे वडील वारले. पुढच्या वर्षी कॉन्फेडरेशन्स चषकातही तोच सर्वाधिक गोल करणारा ठरला, म्हणजे घसरण एका रात्रीत झाली नाही. पण त्या मृत्यूनंतर आपण नैराश्यात गेलो आणि दारूत बुडालो हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. २००८ मध्ये इंटरने त्याला सहा महिने ब्राझीलच्या साओ पावलो क्लबकडे उसना दिला. एप्रिल २००९ मध्ये राष्ट्रीय संघाचं शिबिर आटोपल्यावर तो इटलीला परतलाच नाही. खेळण्यातला आनंद संपला, काही काळ थांबतो, असं त्याने सांगितलं. करार बाकी असूनही दोन्ही बाजूंनी तो संपवला.

महिनाभरातच फ्लामेंगोने त्याला करारबद्ध केलं.

क्लब खेळाडू ‘घेतो’ म्हणजे नेमकं काय घेतो

इथे तीन शब्द समजून घेतले की पुढचं सगळं सोपं जाईल.

पहिला, हस्तांतरण शुल्क. खेळाडूचा करार चालू असेल तर तो तोडून द्यावा म्हणून नवा क्लब जुन्या क्लबला पैसे देतो, तेच हे शुल्क. त्यातला एक पैसाही खेळाडूचा पगार नसतो.

दुसरा, मुक्त खेळाडू. ज्याचा करार संपला किंवा रद्द झाला तो मुक्त. त्याच्यासाठी शुल्क नाही, फक्त पगार.

तिसरा जरा हिशेबी शब्द आहे, शुल्काची वर्षवार विभागणी. समजा क्लबने २ कोटी युरो मोजून खेळाडू ४ वर्षांसाठी आणला. वहीत तो खर्च एकदम न दाखवता वर्षाला ५० लाख असा दाखवतात. दुकानदार नवं यंत्र घेतो आणि त्याची किंमत पाच वर्षांच्या हिशेबात पसरतो, तसंच. गोची अशी की दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस खेळाडू निरुपयोगी ठरला, तर उरलेले १ कोटी एकाच फटक्यात तोटा म्हणून दाखवावे लागतात. म्हणूनच शुल्क भरून आणलेला अडचणीतला खेळाडू क्लबला सोडवत नाही. ‘आणखी सहा महिने पाहू’ या वाक्यामागे पुष्कळदा माया नसते, ही वही असते.

आद्रियानो दोन्ही वेळा मुक्त खेळाडू म्हणून आला. ही फार मोठी सोय होती. शुल्क नसेल तर नुकसानीला तळ असतो, पगार आणि मुदत यांच्या गुणाकाराइतका. ‘त्याला घ्यावं का’ असं विचारण्याआधी ‘फसलं तर जास्तीत जास्त किती जाईल’ हा आकडा कागदावर लिहिता आला पाहिजे. तो लिहिता येत नसेल तर चर्चा तिथेच थांबवावी.

२००९: हिशेब का जमला

मे २००९ मध्ये आद्रियानो २७ वर्षांचा होता. त्याचं मन थकलं होतं, पण शरीर चालू होतं. हिवाळाभर तो इटलीच्या पहिल्या श्रेणीत खेळला होता आणि मार्चअखेर राष्ट्रीय संघाच्या शिबिरात होता. म्हणजे सामन्यांत पडलेला खंड दोनेक महिन्यांचाच. फुटबॉलपटूच्या दमाचं गणित साधं आहे. दोन-तीन आठवडे बसलात तर आठवड्याभरात भरून निघतं. दोन महिने बसलात तर साधारण सहा आठवड्यांची पूर्वतयारी लागते. वर्षभर बसलात तर स्नायूंची ताकद, वजन, सांध्यांची सवय सगळंच नव्याने उभारावं लागतं आणि त्या उभारणीतच नव्या दुखापती होतात. २००९चा आद्रियानो दुसऱ्या पायरीवर होता. ३१ मे रोजी, पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला.

दुसरी गोष्ट कारणाची. मिलानमध्ये त्याला छळत होतं ते एकटेपण. रिओत आई होती, आजी होती, लहानपणचे मित्र होते. ज्या दुखण्याचं मूळ अंतरात आहे, त्यावर अंतर कमी करणं हा खरा उपाय ठरू शकतो. आपल्याकडे थकलेली लेक चार दिवस माहेरी येते, झोपते, खाते आणि माणसांत येते, तसं ते माहेरपण होतं.

तिसरी गोष्ट भोवतालच्या माणसांची, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. जुलैमध्ये क्लबने प्रशिक्षक बदलला आणि आंद्रादे यांना नेमलं. दिग्गज झिकोच्या, फ्लामेंगोच्या १९८१च्या सुवर्णसंघात मधल्या फळीत खेळलेला हा माणूस. (झिको म्हणजे तेच, जे २०१४ ते २०१६ एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. मडगावच्या प्रेक्षकांनी त्यांना जवळून पाहिलं आहे.) आंद्रादे क्लबचेच, त्यामुळे आद्रियानोला ते परके नव्हते. मैदानात त्याच्या मागे देयान पेतकोविच होता, सर्बियाचा, सदतिशीला टेकलेला, तोही फ्लामेंगोला परतलेला जुना खेळाडू. क्लबकडे त्याची जुनी थकबाकी होती आणि त्याच्या परतण्यात तिच्या तडजोडीचाही भाग होता. फ्री-किक आणि कॉर्नरवर त्याचा पाय अजून अचूक होता. म्हणजे सगळा भार एकट्या आद्रियानोवर नव्हता. खेळ रचणारा दुसरा होता, याने फक्त गोलजवळचं काम करायचं होतं. दांड्या २००९ मध्येही झाल्या, वर्तमानपत्रांत छापूनही आल्या. पण संघ तो भार पेलू शकत होता.

त्या हंगामात त्याने १९ गोल केले आणि दिएगो तार्देलीच्या बरोबरीने सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. ६ डिसेंबरला रिओच्या माराकाना मैदानावर ग्रेमिओला २-१ हरवून फ्लामेंगोने १९९२ नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. ३८ सामन्यांत ६७ गुण. विजेत्यासाठी हा आकडा लहान आहे, म्हणजे त्या वर्षी कोणताच संघ सुसाट नव्हता. यशाचं माप घेताना हेही ध्यानात ठेवायला हवं.

आणि करार? फक्त एक वर्षाचा. हा तपशील सहसा विसरला जातो. २०१० उजाडल्यावर गोष्टी सैल होऊ लागल्या. नव्याने आलेल्या वाग्नर लव्हबरोबर त्याची जोडी गाजली, पण सरावाच्या अडचणी वाढल्या. मे महिन्यात दक्षिण अमेरिकेच्या लिबेर्तादोरेस चषकात फ्लामेंगो उपांत्यपूर्व फेरीत चिलीच्या संघाकडून बाद झाला आणि विश्वचषकाच्या संघातून आद्रियानो वगळला गेला. करार संपला आणि जूनमध्ये तो इटलीच्या रोमा क्लबकडे गेला. क्लबला कुणालाही काढावं लागलं नाही, भरपाई द्यावी लागली नाही. माहेरपणाचा गुण एक वर्ष टिकला आणि करारही तेवढाच होता.

२०१२: तोच डाव उलटा का पडला

मधल्या दोन वर्षांत काय झालं ते पाहा. रोमाने तीन वर्षांचा करार केला होता, तो नऊ महिन्यांतच, मार्च २०११ मध्ये रद्द झाला. मग साओ पावलोचा कोरिंथियन्स. एप्रिल २०११ मध्ये तिथे सरावात त्याच्या डाव्या पायाचा अकिलीस कंडरा तुटला.

हा कंडरा म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा जाड दोर. विहिरीतून पोहरा ओढताना सगळं वजन ज्या दोरावर येतं, तसा. धावताना पाऊल उचलताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण या एका दोरावर येतो. तो तुटला तर शस्त्रक्रिया, मग पायाला आधार, मग हळूहळू वजन टाकणं, मग टाचा उचलण्याचे व्यायाम, मग सरळ रेषेत धावणं आणि सर्वांत शेवटी वळणं, थांबणं, उड्या. सगळं सुरळीत गेलं तरी सहा ते नऊ महिने. या काळात दोन गोष्टी बिघडतात. दोर जरा लांब होऊन जुळला तर पोटरी पूर्ण जोर लावू शकत नाही, आणि पहिल्या तीन पावलांची झेप कायमची कमी होते. दुसरं म्हणजे व्यायाम कंटाळवाणा असतो. दिवसातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने, तेच ते. ज्याला सरावाला वेळेवर येणं जड जातं, त्याच्यासाठी याहून अवघड दुखापत शोधून सापडणार नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये त्याने अत्लेतिको मिनेइरोविरुद्ध अखेरच्या मिनिटांत विजयी गोल केला आणि कोरिंथियन्सच्या विजेतेपदाला हातभार लावला. तो गोल खरा, पण त्या राष्ट्रीय हंगामातला त्याचा तो एकच गोल होता. मार्च २०१२ मध्ये हाही करार संपला. एप्रिलमध्ये त्याच कंडऱ्यावर दुसरी शस्त्रक्रिया. आणि ऑगस्टमध्ये फ्लामेंगोने दार उघडलं.

आता २००९शी ताडून पाहा. वय २७ ऐवजी ३०. तेव्हा सामन्यांत दोन महिन्यांचा खंड होता, आता आधीच्या दोन वर्षांत मिळून वीससुद्धा सामने नव्हते. तेव्हा शरीर धड होतं, आता ज्या पायावर त्याची सगळी ओळख उभी होती तोच पाय दोनदा फाडून शिवलेला. तेव्हा अडचण होती दूर असण्याची आणि उपाय होता घर. आता तो दीड वर्ष ब्राझीलमध्येच होता, तेव्हा घर हा उपाय वापरून झाला होता.

क्लबची अवस्थाही वेगळी होती. २०१२च्या मध्यात रोनाल्डिन्होने पगार थकल्याचा दावा करून न्यायालयामार्फत फ्लामेंगो सोडलं होतं. क्लबवर कर्जाचा डोंगर होता. डिसेंबरमध्ये क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. ब्राझीलमधले असे क्लब सभासदांच्या मतावर चालतात, आणि निवडणुकीच्या वर्षात लाडक्या नावाची ओढ कुणालाही वाटणारच. पण जो क्लब पगार वेळेवर देत नाही, तो ‘सरावाला वेळेवर ये’ असं कोणत्या तोंडाने सांगणार?

करार डिसेंबरअखेरपर्यंतचा, म्हणजे साधारण चार महिन्यांचा होता. नुकसान मर्यादित ठेवायचं म्हणून ही मुदत ठीक वाटते. पण एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेला माणूस ऑगस्टपासून चार महिन्यांत सामन्यायोग्य होणं तब्येतीच्या वेळापत्रकातच बसत नव्हतं. म्हणजे ज्या मुदतीत तो खेळू शकला नसता, नेमक्या तेवढ्याच मुदतीसाठी त्याला खेळाडू म्हणून घेतलं. सरावाला दांड्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये सगळं संपलं.

‘आम्ही त्याला ओळखतो’ हे बळ की आंधळेपण?

जुनी दुचाकी विकत घेताना सर्वांत मोठी भीती असते ती लपलेल्या दोषाची. तुम्हीच विकलेली गाडी परत घेत असाल तर ती भीती कमी होते. कुठे तेल गळतं, कोणता गिअर अडतो, सगळं ठाऊक. माजी खेळाडूच्या बाबतीत क्लबचा हाच फायदा. तो रागावला की काय करतो, कुणाचं ऐकतो, कुठल्या मित्रांबरोबर असला की सोमवारी उगवत नाही, हे क्लबला माहीत असतं. अनोळखी क्लबला तेच कळायला सहा महिने आणि बरेच पैसे लागतात.

पण मधल्या काळात दुसऱ्याने गाडी कशी चालवली हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तुम्ही मनात जुनीच गाडी धरून बसता. २०१२ मध्ये फ्लामेंगोच्या डोळ्यांसमोर २००९ होतं. म्हणून एक साधी पद्धत उपयोगी पडते. त्या खेळाडूचं नाव, जुने गोल, जुनी छायाचित्रं काढून टाकायची. वय, गेल्या २४ महिन्यांत खेळलेली मिनिटं, दुखापती, आधीचे करार कसे संपले आणि मागितलेला पगार एवढं एका पानावर लिहायचं. मग क्लबच्या खेळाडू-शोध विभागाला विचारायचं, हा अनोळखी माणूस आपण घेतला असता का? उत्तर स्वच्छ ‘नाही’ असेल तर ओळखीच्या जोरावर ते फार तर ‘बघू’ व्हावं. ‘हो’ होता कामा नये.

करारात काय लिहावं, काय लिहिता येत नाही

पुष्कळांना वाटतं, ‘तंदुरुस्त ठरला तरच करार लागू’ अशी अट घालावी, प्रश्न मिटला. फिफाच्या नियमांत हे चालत नाही. खेळाडूंच्या दर्जा व हस्तांतरणाच्या नियमावलीतलं १८वं कलम सांगतं की कराराची वैधता वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येणार नाही. म्हणून तपासणी सहीच्या आधी करायची असते, आणि घाईत नाही. फक्त हृदय आणि रक्त तपासून भागत नाही. जुन्या दुखापतीचं एमआरआय, दोन्ही पायांच्या ताकदीची यंत्रावर तुलना, एका पायावर टाचा उचलून किती वेळा होतं ते, शरीरातली चरबी, यकृताच्या चाचण्या. दोन पायांच्या ताकदीत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर अजून खेळायला सोडायचं नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे.

दुसरी चूक दंडाची. ‘सराव चुकवला तर इतका दंड’ हे ऐकायला कडक वाटतं. प्रत्यक्षात दंडावर कामगार कायद्याची आणि खेळाडू संघटनांची मर्यादा असते. इंग्लंडमध्ये एका चुकीसाठी तो सहसा दोन आठवड्यांच्या पगारापुढे जात नाही. शिवाय नैराश्याने न उठलेल्या माणसाचा पगार कापला तर तो उद्याही उठत नाही. त्याऐवजी उलट बांधणी करावी. मूळ पगार बेताचा, आणि प्रत्येक सामन्यामागे, सरावाच्या पूर्ण आठवड्यामागे, ठरलेल्या सामन्यांनंतर आपोआप वाढणाऱ्या मुदतीमागे जास्तीची रक्कम. कापलेल्या पैशांवरून वाद होतात, मिळवलेल्या पैशांवरून होत नाहीत. नेमारचा सांतोसशी पहिला करार जेमतेम पाच महिन्यांचा होता आणि पुढे वाढवला गेला. धोका वाटून घेण्याचा हा स्वच्छ मार्ग आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. सामन्यांची अट अशी ठेवू नये की पंधराव्या सामन्यानंतर मोठी रक्कम द्यावी लागते म्हणून क्लब त्याला चौदा सामन्यांवर बसवून ठेवेल. खेळाडूला ते लगेच कळतं आणि उरलासुरला विश्वास जातो. रक्कम दर सामन्याला थोडी थोडी वाढती ठेवावी.

तिसरा मुद्दा बाहेर पडण्याचा. करार मुदतीआधी तोडायला ‘योग्य कारण’ लागतं, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी तोडणाऱ्यावर असते. चेल्सीने २००४ मध्ये अमली पदार्थ आढळल्यावर रोमानियाच्या आद्रियान मुतूला काढलं. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं, मुतूवर १.७१ कोटी युरोंहून अधिक भरपाई बसली आणि वाद वर्षानुवर्षं चालला. कायद्याने क्लब जिंकला, तरी त्यासाठी किती वर्षं खर्ची पडली पाहा. दांड्यांच्या बाबतीत तर प्रत्येक वेळची लेखी नोंद आणि लेखी ताकीद हवी. तोंडी रागावणं लवादापुढे शून्य किमतीचं. आणि बंधन दोन्हीकडून असतं: क्लबने दोन महिन्यांचा पगार थकवला, तर १५ दिवसांची नोटीस देऊन खेळाडूच करार सोडू शकतो.

करारावर ज्यांची सही नसते ती माणसं

कागद कितीही चोख असला तरी मंगळवारी सकाळी नऊ वाजता काय घडतं यावर सगळं ठरतं. खेळाडू आला नाही. आता फोन कोण करणार? अशा वेळी प्रशिक्षक, व्यवस्थापक, कर्णधार, दलाल आणि भाऊ असे पाच जण फोन करतात, प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं आणि दुपारपर्यंत बातमी फुटते. म्हणून एकच माणूस नेमावा. त्याचं संघनिवडीशी देणंघेणं नसावं, नाहीतर खेळाडू त्याच्यापासून लपवाछपवी करतो. तोच फोन करील, तोच घरी जाईल.

उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ शक्यतो क्लबचे पगारी नसावेत. क्लबला फक्त एवढंच कळावं: ठरलेल्या भेटींना तो गेला की नाही आणि या आठवड्यात खेळायला योग्य आहे की नाही. काय बोलणं झालं ते खेळाडू आणि डॉक्टर यांच्यातच राहावं. हे पाळलं नाही तर तो डॉक्टरांशीही खरं बोलायचा थांबतो.

वेळापत्रकात धोक्याच्या जागा आधीच खुणेने दाखवाव्यात. सामन्यानंतरची रात्र, सुट्टीचा दिवस, दुखापतीचे आठवडे, हंगाम संपल्यानंतरचा महिना. खेळाडू बहुधा सामन्याच्या दिवशी बिघडत नाही, रिकाम्या दिवशी बिघडतो. २०१२च्या आद्रियानोला तर सगळेच दिवस रिकामे होते, कारण सामना खेळण्याजोगा तो नव्हता.

आणि सावरण्याची वाट सरळ नसते हे सर्वांना आधीच सांगून ठेवावं. आर्सेनलच्या पॉल मर्सनने १९९४ मध्ये दारू, जुगार आणि कोकेनची कबुली दिली. क्लबने काढलं नाही, उपचारांना पाठवलं, फेब्रुवारी १९९५ मध्ये तो मैदानात परतला आणि पुढे बरीच वर्षं खेळला. तरीही जुगाराने आपल्याला नंतरही गाठलं, हे त्यानेच सांगितलं आहे. पहिली घसरण झाली की ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणायचं की आधी ठरवलेली पुढची पायरी घ्यायची, हे सही करतानाच ठरलेलं असावं.

‘शिस्त मोडणाऱ्याला बक्षीस? मग पोरांनी काय शिकायचं?’

ही हरकत खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. संघातला विशीतला मुलगा रोज आठला येतो आणि बाकावर बसतो. दुसरा दहाला येतो आणि खेळतो. इथे सवलत देण्यापेक्षा ती लपवणं अधिक नुकसान करतं. खेळाडूंना माणसं कळतात. याला उपचारांसाठी मंगळवारी सकाळी सूट आहे, त्याबदल्यात तो दुपारी एकटा सराव करतो आणि त्याचा मूळ पगार कमी आहे, हे कर्णधाराला आणि चार ज्येष्ठ खेळाडूंना सहीच्या आधी सांगून त्यांचं मत घ्यावं. त्यांच्यातल्या दोघांनी जरी ठाम नकार दिला, तर मी तो व्यवहार करणार नाही. प्रशिक्षक बदलतो, अध्यक्ष बदलतो, कपडे बदलायच्या खोलीतली माणसं रोज तीच असतात.

‘पण जर्सी खपतील, मैदान भरेल’

मैदान भरतं, हे खरं. २००९ मध्ये माराकाना भरत होतं, पण गोल होत होते म्हणून. जर्सीच्या किमतीतला मोठा वाटा बनवणाऱ्या कंपनीला आणि दुकानदाराला जातो, क्लबला सहसा छोटा हिस्सा मिळतो. न खेळणाऱ्या खेळाडूची जर्सी पहिल्या महिन्यानंतर कुणी घेत नाही.

‘आजारी माणसाचा असा हिशेब मांडणं निर्दय नाही का?’

मला वाटतं, उलट हिशेब न मांडणं निर्दय आहे. नैराश्य आणि व्यसन हे आजार आहेत, आणि आजारी माणसाला खेळाडूचा करार देणं हे औषध नव्हे. करारासोबत अपेक्षा येते, छायाचित्रकार येतात, पहिल्या दांडीची ठळक बातमी येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये आद्रियानोच्या नावावर आणखी एक जाहीर अपयश लागलं. त्याच्या दुखण्यात त्यामुळे भरच पडली असणार.

क्लबला त्याची खरोखर काळजी असेल तर करार न करताही पुष्कळ करता येतं. सरावकेंद्राचं दार उघडं ठेवा, फिजिओथेरपिस्ट द्या, उपचारांचा खर्च उचला, मुलांच्या संघाबरोबर सकाळी धावू द्या, आणि हे सगळं वर्तमानपत्रांना न सांगता. सहा महिने तो नियमित आला, पोटरीची ताकद भरली, तर मग करार. नाही आला, तर कुणी हरलं नाही. २०१२च्या ऑगस्टमध्ये फ्लामेंगोने हे करायला हवं होतं. निवडणुकीच्या वर्षात असा निर्णय घेणं अवघड असतं, कारण त्यात दाखवायला काहीच नसतं.

नंतर २०१४ मध्ये अत्लेतिको पारानायेन्सेने प्रयत्न केला, दोनेक महिन्यांत तोही थांबला. फ्लामेंगोचा आणि त्याचा संबंध मात्र तुटला नाही. १५ डिसेंबर २०२४ रोजी माराकानावर त्याच्या निरोपाचा सामना झाला. एका बाजूला फ्लामेंगोचे जुने खेळाडू, दुसऱ्या बाजूला इटलीतले त्याचे सोबती. बेचाळीस वर्षांचा आद्रियानो मैदानात उतरला. या वेळी त्याला कुठलाही करार पुरा करायचा नव्हता.